‘तिला पटवायचं कसं?’ : चेहरा भाजलेल्या बहिणीबद्दल एका भावाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५ वर्षांची बहीण सात महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात गॅस गळून लागलेल्या आगीत भाजली. डावा गाल, हनुवटी, गळा आणि दोन्ही हात. त्वचारोपण झालं, जखमा भरल्या, डॉक्टर समाधानी आहेत. ती मात्र खोलीबाहेर येत नाही. नोकरी सोडली, मैत्रिणींचे फोन घेत नाही, पाहुणे आले की मागच्या खोलीत जाऊन बसते. घरातले आरसे काढून माळ्यावर ठेवलेत. भाऊ विचारतो, ‘रूपाला काही अर्थ नसतो, हे तिला पटवायचं कसं? आणि डिसेंबरात चुलत भावाचं लग्न आहे. तिला न्यावं का? आई म्हणते नको, लोक नाही नाही ते विचारतील.’

मी भाजलेल्या रुग्णांच्या विभागात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न मला बहुतेक वेळा ओपीडीच्या दारात, रुग्ण आत ड्रेसिंगला असताना, दबक्या आवाजात विचारला जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पटवण्याचं. पटवू नका. तुमची बहीण २५ वर्षं याच समाजात वाढलेली आहे. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ अशा जाहिराती तिने वाचल्यात, मैत्रिणींच्या बघण्याच्या कार्यक्रमांना ती हजर राहिली आहे. रूपाला अर्थ नसतो हे तिला कोणीही सांगितलं तरी ते खोटं आहे हे तिला माहीत आहे. त्यात गंमत अशी की घरातले तोंडाने एक सांगतायत आणि हाताने दुसरंच करतायत. रूप महत्त्वाचं नाही म्हणायचं आणि आरसे माळ्यावर टाकायचे. ‘तू आमच्यासाठी तीच आहेस’ म्हणायचं आणि लग्नाला नेऊ नये असं स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवायचं. ती बोलण्यापेक्षा वागण्यावर विश्वास ठेवते, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा खरी अडचण तिच्या समजुतीची नाही. हा चेहरा इतका वाईट आहे की त्याबद्दल या घरात बोलतासुद्धा येत नाही, असं ती गेले सात महिने रोज शिकते आहे. ते थांबवणं तुमच्या हातात आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण मी तिला पाहिलेलं नाही. डावा डोळा नीट मिटतो का, तोंड पूर्ण उघडतं का, मान मागे जाते का, रात्री झोप लागते का, त्या आगीत आणखी कोणाला इजा झाली का, आगीच्या आधी तिचा स्वभाव कसा होता, दवाखान्याच्या खर्चाने घर कर्जात गेलंय का, यातल्या प्रत्येकाने उत्तर बदलतं. एक गोष्ट मात्र लोकांना वाटते तेवढी उत्तर बदलत नाही, ती म्हणजे व्रणाचा आकार. अभ्यासांतही हे पुन्हा पुन्हा दिसलंय आणि ओपीडीत तर आम्ही रोज बघतो. अर्धा चेहरा भाजलेला माणूस दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो, आणि ओठाजवळ दोन बोटांएवढा डाग असलेली मुलगी वर्षभर घराबाहेर पडलेली नसते. याचं एक कारण मला पटतं. मोठा व्रण असला की समोरचा काय करणार हे ठरलेलं असतं, त्याची तयारी करता येते. लहान व्रण कधी कोणाच्या लक्षात येतो, कधी येत नाही, त्यामुळे माणूस प्रत्येक भेटीत टांगणीला लागलेला असतो. म्हणून ‘एवढंसंच तर आहे’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. मापाने दुःख ठरवू नका, मोठंही आणि छोटंही.

सातवा महिना, हेही लक्षात घ्या. भाजल्यानंतरचा व्रण पहिले काही महिने उलट वाढत जातो. जखम भरली तेव्हा सपाट दिसणारी कातडी तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लाल, जाड, उंचवट्याची आणि ताठ होते. बऱ्याच जणांना वाटतं की काहीतरी बिघडलं. तसं नसतं, व्रण अजून कच्चा असतो. तो पिकायला, म्हणजे फिकट, मऊ आणि सपाट व्हायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, कधी दोन वर्षंही. तोवर प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून धरणारा घट्ट कपडा, दिवसाचे २३ तास, सिलिकॉन जेल किंवा शीट, तेलाची मालीश, उन्हापासून जपणं आणि मानेचे व्यायाम हे चालूच राहतात. म्हणजे तुमची बहीण आज जो चेहरा बघते आहे, तो त्याच्या सर्वांत वाईट दिवसांतला आहे. हे तिला डॉक्टरांकडून, स्पष्ट शब्दांत कळलं पाहिजे. त्याच बैठकीत दुसरी बाजूही कळली पाहिजे, की व्रण पिकेल पण पुसला जाणार नाही. अर्धं सांगून दिलेला धीर वर्षभराने उलटतो.

मनाचं बोलण्याआधी शरीराचं एक विचारते, कारण निम्म्या वेळा ‘ती चिडचिडी झाली आहे’ याचं कारण तिथे सापडतं. कच्चा व्रण प्रचंड खाजतो, आणि रात्री जास्त. झोपेत नखं लागून कातडी सोलते, पुन्हा जखम, पुन्हा ड्रेसिंग. रोपण केलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे गारमेंटच्या आत अंग तापतं. गळ्याची कातडी ओढल्यामुळे उशी घेता येत नाही. महिनोन्महिने धड न झोपलेल्या माणसाला समुपदेशन करून काय उपयोग? खाजेवर औषधं आहेत, झोपेवर आहेत. पुढच्या फॉलोअपला ‘खाज आणि झोप’ हे दोन शब्द कागदावर लिहून न्या. सर्जनच्या ओपीडीत दोन-चार मिनिटं मिळतात आणि ती सगळी व्रण बघण्यात जातात. न विचारलेलं राहून जातं.

आगीची आठवण हा वेगळा भाग आहे आणि तो चेहऱ्याच्या दुःखात मिसळून जातो. कुकरची शिट्टी झाली की ती दचकते का? लायटरचा टक्क आवाज, रॉकेलचा किंवा गॅसचा वास, शेजारी कोणी काही जाळलं तर तिची छाती धडधडते का? रात्री तेच स्वप्न पडतं का? महिना उलटून गेल्यावरही हे चालू असेल तर त्याला आघातोत्तर तणाव म्हणतात आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. त्यासाठी प्रशिक्षित माणूसच लागतो, घरच्यांनी ‘तो दिवस पुन्हा सांग, म्हणजे मन मोकळं होईल’ असं करू नये. घरच्यांनी एवढंच करावं की तिला स्वयंपाकघरातून कायमचं निवृत्त करू नये. ‘तू बस, तू काही करू नकोस’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्यातून तिला दोन निरोप जातात, की ती जागा खरंच धोक्याची आहे आणि तू आता कामाची राहिली नाहीस. गॅस बंद असताना भाजी निवडायला तिथे बसणं, मग दुसरं कोणी चहा टाकत असताना दाराशी उभं राहणं, मग लायटर हातात घेणं, असं हळूहळू, तिच्या चालीने जाऊ द्या. गॅसची नळी बदलली, रेग्युलेटर तपासला, हे तिला दाखवा. तिची भीती अगदीच निराधार नाही, त्या घरात एकदा आग लागलेली आहे.

आता लोकांचं. मला वाटतं तुमच्या आईची भीती इथे आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही.

पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेले सैनिक इंग्लंडमध्ये सिडकपला हॅरल्ड गिलीज यांच्या रुग्णालयात असत. तिथे वॉर्डात आरसे ठेवत नसत. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते, निळ्या बाकावर कोणी बसलेलं असेल तर बघून दचकू नका, ही गावकऱ्यांना आगाऊ सूचना. दुसऱ्या महायुद्धात त्यांचेच नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेडला भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले आणि नेमका उलटा रस्ता धरला. रुग्णांना रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांऐवजी स्वतःचा गणवेश घालू दिला, अर्धवट शस्त्रक्रिया झालेल्या अवस्थेत गावात पाठवलं, गावकऱ्यांना सांगितलं की यांना घरी चहाला बोलवा, टक लावून बघू नका. १९४१ मध्ये त्या रुग्णांनी स्वतःचा क्लब काढला आणि स्वतःला ‘गिनी पिग’ म्हणवून घेतलं, कारण शस्त्रक्रिया नव्या होत्या आणि त्या त्यांच्यावर शिकल्या जात होत्या. शेवटी सभासद ६४९ झाले. नाक, पापण्या पुन्हा तयार होत असतानाच त्यांचं लोकांत मिसळणं सुरू होतं, आधी चेहरा आणि मग आयुष्य असा क्रम कोणी लावला नाही. माझ्या कामाचा पाया हाच आहे.

पण ते वैमानिक युद्धातले वीर होते. गावाला त्यांचा अभिमान होता. आपल्याकडे भाजलेल्या बाईकडे बघताना लोकांच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, जाळलं की जाळून घेतलं? मुलगी अविवाहित असेल तर, काही प्रकरण होतं का, ॲसिड टाकलं का? ‘काय झालं गं?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात हे सगळं दडलेलं असतं आणि ते तिला ऐकू येतं. रूप गेल्याचं दुःख एक, आणि चारित्र्यावरचा संशय दुसरा. पाश्चात्त्य पुस्तकांत या दुसऱ्याबद्दल फारसं काही सापडत नाही. ‘लोकांकडे लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला म्हणूनच तोकडा पडतो.

याला जोडूनच एक. तुम्ही अपघात म्हणता आणि मी तेच धरून लिहिते आहे. पण माझ्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाशी, विशेषतः बाईशी, मी एकदा तरी एकटीने बोलते, नातेवाईकांना बाहेर बसवून. ‘स्टोव्ह भडकला’ असं वॉर्डात जबाबात सांगितलेलं आणि महिन्यांनी खरं वेगळंच निघालेलं, हे या कामात नवं नाही. जे घडलं ते सांगता येत नसेल तर त्या चेहऱ्यासोबत जगणं दुप्पट जड होतं. तेव्हा कोणीही समुपदेशक तुम्हाला बाहेर थांबायला सांगेल, तर राग मानू नका.

मग लोकांना तोंड द्यायचं कसं? जेम्स पार्ट्रिज नावाचे गृहस्थ १९७० मध्ये, १८ वर्षांचे असताना मोटार अपघातातल्या आगीत भाजले. चेहऱ्यावर कित्येक शस्त्रक्रिया झाल्या. पुढे १९९२ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. त्यांचं म्हणणं मला फार उपयोगी पडलं, की लोकांशी वागणं हे कौशल्य आहे, ते शिकता येतं आणि त्याची तालीम करावी लागते. त्या संस्थेची एक सोपी युक्ती आहे. कोणी टक लावून बघितलं तर करायच्या तीन गोष्टी, कोणी विचारलं तर म्हणायची दोन वाक्यं, आणि कोणी तोंड फिरवलं तर स्वतःशी म्हणायची एक गोष्ट, हे घरातून निघण्याआधी ठरवून ठेवायचं. मी हे आपल्या पद्धतीने करून घेते. टक लावून बघणाऱ्या बाईकडे बघून मान हलवायची, किंवा ‘किती वाजले हो?’ विचारायचं, किंवा सरळ नजर दुसरीकडे वळवायची. विचारणाऱ्यासाठी एक छोटं वाक्य आणि एक त्याहून छोटं. ‘घरात गॅस गळला होता, भाजलं. आता बरी आहे.’ आणि पुढे चौकशी चालूच राहिली तर, ‘त्याबद्दल आत्ता नको बोलूया.’ गॅस हा शब्द वाक्यात असावा की नसावा हे ती ठरवेल. काहींना तो संशय मिटवायला हवा असतो, काहींना वाटतं आम्ही का खुलासा द्यावा. दोन्ही बरोबर.

ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघावी लागतात. मनात सोपी वाटतात, तोंडातून निघताना गळा दाटतो. माझ्या खोलीत मी खोचक आत्याबाई होते आणि ‘अगंबाई, सोन्यासारखी पोर होती गं!’ म्हणत पदर तोंडाला लावते. पहिल्यांदा रुग्ण रडतात. दोन-तीन बैठकांनी हसायला लागतात, आणि एखादी मला असं उत्तर देते की पुढचं मला सुचत नाही. हे तुम्ही भाऊ म्हणून घरीही करू शकता, तिची तयारी असेल तर.

लहान मुलांचं सोपं आहे. ती थेट विचारतात, ‘तुझ्या गालाला काय झालं?’ त्यांना ‘भाजलं, आता दुखत नाही’ एवढं पुरतं. मुलाची आई त्याला ओढून नेते तेव्हा दुखतं, मुलाच्या प्रश्नाने तेवढं दुखत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गाल आणि हनुवटीची कातडी ताठ असेल तर हसू चेहऱ्यावर उमटत नाही. आतून ती हसलेली असते, समोरच्याला दिसतं ते कोरं किंवा चिडलेलं तोंड. समोरचा गोंधळून मागे सरतो आणि तिला वाटतं, बघा, घाबरला. हे व्रणामुळे झालेलं नसतं, खूण पोहोचली नाही म्हणून झालेलं असतं. म्हणून आम्ही आवाज, मान, हात यांचा वापर वाढवायला शिकवतो. आधी आपण बोलायचं, आवाजात हसू आणायचं, मान डोलावायची. पहिली काही सेकंदं समोरचाही बावरलेला असतो. त्याला वाट दाखवणारा कोणीतरी लागतो, आणि हे काम तिच्याकडे यावं हा अन्याय आहे, हे मला मान्य आहे. तरी ते जमलेली माणसं अधिक मोकळी जगताना मी बघितली आहेत.

आरशांकडे वळते. माळ्यावरून काढा, पण एका दिवशी सगळे भिंतीला लावून ‘सरप्राइज’ देऊ नका. आणि त्यांच्या नसण्याने तिने चेहरा पाहिलेला नाही अशा भ्रमातही राहू नका. स्टीलच्या ताटाच्या मागच्या बाजूला, बंद मोबाइलच्या काळ्या पडद्यावर, रात्रीच्या खिडकीच्या काचेत तिने तो पाहिलाय. वाकडातिकडा आणि एकटीने. पद्धतशीर बघणं यापेक्षा पुष्कळ बरं. सुरुवात हाताने करायची. रोज मालीश करतानाच, डोळे मिटून, बोटांना काय लागतं ते तिने सांगायचं. इथे दोरीसारखं कडक आहे, इथे मऊ आहे, इथे काहीच कळत नाही. मग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसून, छोटा हातातला आरसा. ट्यूबलाइटखाली व्रण जास्त भडक दिसतो. आधी कपाळ, उजवा गाल, कान. मग डावीकडे. जे दिसतं त्याचं वर्णन करायचं, निकाल द्यायचा नाही. ‘लालसर आहे, कडेला उंच आहे’ चालेल. ‘भयानक आहे’ म्हणाली तर विचारा, भयानक म्हणजे नेमका रंग कुठला? दोन-चार मिनिटं पुरे. पण घाबरून आरसा खाली टाकण्याआधी नव्हे, धडधड जरा उतरल्यावर थांबायचं. धडधड आपोआप उतरते, हे तिच्या शरीराला कळण्यासाठीच हा खटाटोप. हे पहिल्यांदा समुपदेशकासोबत झालं तर उत्तम.

तीच गोष्ट स्कार्फची. आपल्याकडे स्कूटीवरच्या सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्यामुळे भाजलेल्या मुलीला ती आयती सोय आहे. व्रणाला ऊन लागू नये म्हणून तो हवाच. मी तो काढायला लावत नाही. मी विचारते, तो सुटतो कुठे? सगळ्यांचे स्कार्फ पार्किंगमध्ये सुटतात, हिचा वर्गात, बँकेत, हॉटेलातही सुटत नसेल, तर आता तो उन्हासाठी नाही. मग ठरवायचं, आज किराणा दुकानात, ओळखीच्या काकांसमोर, पाच मिनिटं. पुढच्या आठवड्यात भाजी मंडई. व्रण झाकणाऱ्या कॅमोफ्लाज क्रीमचंही असंच. पिकलेल्या व्रणावर ते छान बसतं, शिकून घ्यावं, नोकरीच्या मुलाखतीला लावून जावं. पण ते लावल्याशिवाय दूधवाल्यालाही दार उघडता येत नाही अशी वेळ आली, तर ते औषध राहिलं नाही.

थोडक्यात, आतापर्यंत जे सांगितलं ते टाळण्याबद्दलच होतं. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं आणि पुढची खेप आणखी अवघड होते. मानेचा व्यायाम चुकवला की कातडी आखडते, तसंच माणसांचं होतं. रोज थोडं ताणायचं, फाडायचं नाही.

‘प्लास्टिक सर्जरी झाली की मग’ हे वाक्य मी फार ऐकते. मग नोकरी, मग लग्न, मग फोटो. डोळा मिटत नसेल, तोंड उघडत नसेल, मान अडकली असेल तर सर्जन लवकर हात घालतात, कारण डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊ शकते. बाकीच्या बहुतेक शस्त्रक्रिया व्रण पिकल्यावर. त्या टप्प्याटप्प्याने होतात, प्रत्येकीनंतर काही महिने वाट बघायची, आणि शेवटी हाती येतो तो सुधारलेला चेहरा, आधीचा नव्हे. शस्त्रक्रिया जरूर करा. पण आयुष्य तिच्यावर गहाण टाकलं की दोन-तीन वर्षं कुलूपबंद जातात, आणि पहिला पट्टी सोडण्याचा दिवस आनंदाऐवजी धक्क्याचा ठरतो.

आता थांबू नये अशी परिस्थिती कोणती ते सांगते. ती ‘वाचवलंच कशाला’ असं म्हणत असेल, जेवण सोडलं असेल, औषधं साठवत असेल, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकत असेल, तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, असलेला बाहेर येतो. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतून बोलता येतं. नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते ही भीती आपल्याकडे फार आहे. झोपेच्या काही गोळ्यांबाबत ती खरी आहे, नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची तशी चटक लागत नाही. मात्र ती मनाने बंद करायची नाहीत.

मदत कुठे मिळेल? मोठ्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना गाठा. योजना, कागदपत्रं आणि समुपदेशन यांचा रस्ता त्यांना ठाऊक असतो. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे भाजलेल्यांसाठीचंच रुग्णालय आहे. कायद्यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आहे, स्वयंपाकघरात भाजलेल्यांचा तसा नाही. पण हाताची किंवा मानेची हालचाल कायमची अडली असेल, तर त्या आधारे तपासणी करून घेता येते. आणि जमलं तर, तुमच्या डॉक्टरांमार्फत, भाजून दोन-चार वर्षं झालेल्या एखाद्या बाईशी तिची भेट घडवा. ती बाई जे अर्ध्या तासात सांगेल ते मी सहा बैठकांत सांगू शकत नाही.

घरच्यांनीही स्वतःचं दुःख कुठेतरी बोलायला हवं. त्या दिवशी गॅस कोणी उघडा ठेवला, कोण बाहेर गेलं होतं, हे तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात रोज घोळत असणार. तो अपराधीपणा तिची सेवा करताना दिसतो. तिला ग्लासभर पाणीसुद्धा उठून घेऊ दिलं जात नाही. आईने रडावं, तिच्यासमोरही रडायला हरकत नाही, फक्त मग ‘तुझ्यासाठी रडते आहे’ असं खरं सांगावं. डोळ्यांत कचरा गेला म्हणू नये.

राहता राहिलं लग्न. आईने ठरवू नये, तुम्हीही नाही. तिला विचारा, आणि विचारताना ‘तुला नसेल जमत तर राहू दे’ हे शेपूट जोडू नका. ती तयार असेल तर मोठ्या हॉलमध्ये एकदम नेण्याआधी हळदीला किंवा मेंदीच्या संध्याकाळी घरी न्या, जिथे माणसं ओळखीची असतात. सोबत एक चुलत बहीण ठरवून ठेवा, जी तिच्याजवळ राहील पण तिच्या वतीने उत्तरं देणार नाही. वाक्यांची तालीम झालेली असू द्या. लग्नघरात एक सोय असते, ‘तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?’ हा प्रश्न उलट टाकला की चौकशी करणारा आपली वंशावळ सांगण्यात गुंततो. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की तिला विचारूनच फोटो काढायचा. पंगतीत तोंड पूर्ण उघडत नसेल तर जिलबी, पुरी यांची फजिती होते, तेव्हा घरून थोडं खाऊन निघा आणि चमचा सोबत ठेवा. गारमेंटमुळे उकडेल, पंख्याजवळची जागा बघा. आणि हे नक्की विसरू नका, लग्नात होम असतो, वरातीत फटाके असतात. विस्तव कधी, कुठे पेटणार हे तिला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तिला तेव्हा बाहेर जायचं की लांब बसायचं हे ठरवता येईल. परतायची गाडी तिच्या सांगण्यावर निघेल असं बघा, मग ती अर्ध्या तासात का निघेना.

ती नाही म्हणाली तर तेही उत्तर आहे. तेव्हा नातेवाइकांना ‘तिला बरं नाही’ असं सांगू नका. ‘या वेळी नाही आली, नंतर भेटेल’ म्हणा. आणि लग्नानंतर सत्यनारायणाला, जेव्हा घरात पंधरा-वीसच माणसं असतील, तेव्हा तिला पुन्हा विचारा.